'गॉडफादर'ची दृश्ये आणि त्यांच्याखालचा इतिहास

फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या 'द गॉडफादर' (१९७२) या चित्रपटातील आवडती दृश्ये कोणती, असा विषय निघाला की बहुतेकांची यादी सारखीच निघते. लग्नाच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत येऊन न्याय मागणारा बोनासेरा, उपाहारगृहात दोन खून करणारा मायकेल, बाप्तिस्म्याच्या वेळी शहरभर होणाऱ्या हत्या, आणि शेवटी के हिच्या तोंडावर बंद होणारे दार. आमचीही यादी याहून फार वेगळी नाही. मात्र त्या काळातील न्यूयॉर्कच्या इतिहासाचे थोडेफार वाचन करून हा चित्रपट पुन्हा पाहिला, की एक गोष्ट अस्वस्थ करू लागते. यातील जवळजवळ प्रत्येक गाजलेले दृश्य कुठल्यातरी घडलेल्या, किंवा घडली असे सर्वांनी मानलेल्या, घटनेच्या जवळपास उभे आहे. आणि त्या घटनेचा जो भाग आपल्याला पाहवला नसता तो बहुतेक वेळा पडद्याबाहेर ठेवण्यात आला आहे. आपण ज्यावर प्रेम करतो ते बरेचसे या वगळण्यावरच. याला एक अपवाद आहे, आणि तो कुणाच्याच आवडीच्या यादीत नसतो. त्याकडे आम्ही येऊच.

आधी एका शब्दाविषयी. चित्रपटाचा पहिला खेळ न्यूयॉर्कमध्ये १४ मार्च १९७२ रोजी झाला. त्याच तारखेला, ८१ वर्षांपूर्वी, म्हणजे १४ मार्च १८९१ रोजी, न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने तुरुंगात शिरून ११ इटालियनांना ठार मारले होते. शहराचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याच्या खुनाचा आळ इटालियनांवर होता आणि न्यायालयाने एकालाही दोषी ठरवले नव्हते. 'माफिया' हा शब्द अमेरिकन वृत्तपत्रांच्या तोंडी बसला तो प्रामुख्याने या प्रकरणापासून. तारखांचा हा मेळ केवळ योगायोगाचा आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण तो शब्द ऐकताना इटालियन वस्त्यांतील म्हाताऱ्या माणसांना काय आठवत असेल हे त्यावरून कळते. पुढे १९२४च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ थांबवला, त्यामागेही अशीच नजर होती.

तेव्हा या चित्रपटाला इटालियन-अमेरिकनांनी विरोध केला यात नवल नाही. नवल विरोधाच्या पुढाऱ्याचे आहे. 'इटालियन-अमेरिकन सिव्हिल राइट्स लीग' ही संघटना १९७०मध्ये उभी करणारा जोसेफ कोलंबो हा स्वतःच न्यूयॉर्कच्या पाच गुन्हेगारी घराण्यांपैकी एकाचा प्रमुख होता. निर्माता अल्बर्ट रडी याने १९७१मध्ये त्याच्याशी समझोता केला आणि 'माफिया' हा शब्द पटकथेतून काढण्याचे मान्य केले. मुळात तो शब्द पटकथेत नावापुरताच होता, त्यामुळे रडीचे काहीच गेले नाही. मात्र त्यानंतर चित्रीकरणातील अडथळे आश्चर्यकारकरीत्या दूर झाले. २८ जून १९७१ रोजी, लीगच्या जाहीर मेळाव्यात, कोलंबसच्या पुतळ्याच्या चौकात कोलंबोवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो १९७८मध्ये वारला, मधली वर्षे अंथरुणावर काढून. ज्यांच्यावर चित्रपट होता त्यांनीच त्याची भाषा ठरवण्यात भाग घ्यावा, असे उदाहरण चित्रपटाच्या इतिहासात विरळाच.

आता दृश्यांकडे. बोनासेराचे दृश्य काळ्या पडद्यावर नुसत्या आवाजाने सुरू होते. मग त्याचा चेहरा दिसतो, आणि कॅमेरा इतक्या संथपणे मागे सरकत जातो की जवळजवळ तीन मिनिटे आपण कुणाच्या खांद्यामागून पाहतो आहोत हे कळत नाही. गॉर्डन विलिसने प्रकाश वरून टाकला आहे, त्यामुळे ब्रँडोच्या डोळ्यांच्या जागी सावल्याच राहतात. बोनासेरा हा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा माणूस. अमेरिकेवर विश्वास ठेवून त्याने मुलगी तिथल्या रीतीने वाढवली. दोन तरुणांनी तिला विद्रूप होईपर्यंत मारले. न्यायाधीशाने शिक्षा ठोठावली आणि त्याच दमात ती स्थगित केली. व्हिटो कॉर्लिओनला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा: आधी पोलिसांकडे का गेलास, इतकी वर्षे मला तुझ्या घरी कॉफी प्यायला का बोलावले नाहीस?

या तक्रारीला इतिहासाचा भक्कम आधार आहे. सॅम्युअल सीबरी याच्या चौकशीने (१९३०–३२) न्यूयॉर्कच्या कनिष्ठ न्यायालयांचे जे चित्र बाहेर काढले ते भीषण होते: निरपराध स्त्रियांना वेश्याव्यवसायाच्या खोट्या आरोपाखाली पकडायचे आणि पैसे उकळून सोडायचे, असा धंदा पोलीस, वकील आणि न्यायालयातील मंडळी मिळून चालवीत होती. महापौर जिमी वॉकरला सप्टेंबर १९३२मध्ये राजीनामा द्यावा लागला. गरीब स्थलांतरिताला न्यायालय आपले वाटू नये अशीच ती व्यवस्था होती. पण चित्रपट पुढे आपल्याला हेही सांगतो की व्हिटोची खरी दौलत म्हणजे त्याच्या खिशातले न्यायाधीश आणि राजकारणी. सॉलोझो त्याच्याकडे येतो तो त्यांच्यासाठीच. ही दोन विधाने शेजारी ठेवून पाहावीत. बोनासेराला न्याय न देणारा न्यायाधीश ज्या बाजारात विकला जातो त्या बाजाराचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक त्याच्यासमोर मांजर कुरवाळत बसले आहे. चित्रपट ही दोन विधाने कधीच शेजारी ठेवत नाही. पहिले पहिल्या दृश्यात येते आणि दुसरे बऱ्याच वेळाने, व्यवहाराच्या बोलण्यात. तोवर आपले मन व्हिटोकडे गेलेले असते.

मराठी प्रेक्षकाला ही खोली ओळखीची वाटावी हे साहजिक आहे. 'धर्मात्मा'ने (१९७५) ती एकदा हिंदीत आणली आणि राम गोपाल वर्मांच्या 'सरकार'ने (२००५) ती थेट मुंबईत मांडली. तिथेही सुरुवात मुलीसाठी न्याय मागणाऱ्या बापानेच होते. न्यायालयातील खटल्यांना किती वर्षे लागतात हे ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला त्या खुर्चीचे आकर्षण समजावून सांगावे लागत नाही. असो.

बोनासेराच्या कथेचा उत्तरार्ध आम्हाला पूर्वार्धाहून अधिक आवडतो. उपकाराची फेड मागण्यासाठी व्हिटो रात्री त्याच्याकडे येतो. बोनासेराने मनात काय काय भयंकर कल्पिले असेल, आणि मागणी निघते ती एवढीच की गोळ्यांनी चाळण झालेला मुलाचा देह असा सावर की त्याच्या आईला पाहता यावा. दुसऱ्याच्या मुलीच्या मोडलेल्या चेहऱ्यापासून निघालेली गोष्ट स्वतःच्या मुलाच्या मोडलेल्या चेहऱ्यापाशी येते. कादंबरीकार मारिओ पुझो याने पुढे कबूल केले की लेखनापूर्वी तो एकाही खऱ्या गुन्हेगाराला भेटला नव्हता आणि व्हिटो बोलू लागला की आपल्याला आपल्या आईचा आवाज ऐकू येई. हे दृश्य पाहताना ते पटते. त्यात टोळीचा इतिहास जवळजवळ नाहीच, घर आहे.

रुग्णालयातील दृश्याविषयी फार बोलले जात नाही. बापावर पुन्हा हल्ला होणार, पहारेकरी हटवलेले, आणि मायकेलच्या मदतीला कोण, तर फुले घेऊन आलेला पाववाला एन्झो. दोघे पायऱ्यांवर पहारेकऱ्यांचे सोंग घेऊन उभे राहतात. मारेकऱ्यांची मोटार निघून जाते. एन्झो सिगारेट पेटवायला जातो तर त्याचे हात थरथरताहेत. मायकेल त्याच्या हातून लायटर घेऊन पेटवून देतो आणि क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहतो. हात स्थिर आहे. युद्धातून परतलेल्या तरुणाला स्वतःविषयी काहीतरी कळते, आणि ते त्याला कळते हे आपल्यालाही कळते. एक शब्द नाही. आम्हाला विचाराल तर पुढचे सारे खून या एका नजरेत होऊन गेलेले आहेत.

त्यानंतरचा उपाहारगृहाचा प्रसंग मात्र थेट दंतकथेच्या शेजारी बसतो. १५ एप्रिल १९३१ रोजी ज्युसेप्पे मासेरिया हा टोळीप्रमुख कोनी आयलंड येथील एका इटालियन उपाहारगृहात मारला गेला. त्याचा सोबती लकी लुचियानो नेमका त्या वेळी स्वच्छतागृहात गेला होता, अशी गोष्ट पुढे इतक्या जणांनी सांगितली की ती खरी आहे का हा प्रश्नच मागे पडला. 'गॉडफादर'मध्ये मायकेलही स्वच्छतागृहात जातो, फक्त तो तिथून पिस्तूल घेऊन परततो. दंतकथेतला लुचियानो हात धुऊन मोकळा होतो. मायकेलला ती सवलत नाही. सॉलोझो इटालियनमध्ये बोलतो आणि त्याचे भाषांतर पडद्यावर येत नाही, कारण ऐकण्यासारखे काही उरलेलेच नाही. संगीत नाही. वॉल्टर मर्चने त्या ठिकाणी उन्नत रेल्वेगाडीचा कर्कश आवाज वापरला आहे. गाडी दिसत नाही, तरी तो वाढत वाढत मायकेलच्या डोक्यात शिरतो. गोळ्या झाडून झाल्यावर तो पिस्तूल टाकायला विसरतो की काय असे वाटायला लावतो, आणि ते खाली पडते तेव्हा कुठे नीनो रोटाचे संगीत सुरू होते.

त्यात मरणारा पोलीस कॅप्टन मॅक्लस्की १९७२च्या न्यूयॉर्ककरांना अतिशयोक्त वाटला नसणार. पोलिसांतील लाचखोरीची चौकशी करणाऱ्या नॅप आयोगाच्या जाहीर सुनावण्या आदल्याच वर्षी झाल्या होत्या आणि डिसेंबर १९७१मध्ये फ्रँक सर्पिको या पोलिसाने तिथे साक्ष दिली होती. वास्तवाची पुढची खेळी मात्र कुणाला सुचली नसती. ७ एप्रिल १९७२ रोजी, चित्रपट शहरात जोरात चालू असताना, कोलंबोचा वैरी जो गॅलो हा स्वतःच्या वाढदिवसाच्या पहाटे लिटल इटलीतील एका उपाहारगृहात, कुटुंबीयांच्या देखत, गोळ्यांनी मारला गेला.

आता तो अपवाद. पाच घराण्यांच्या प्रमुखांची तहाची बैठक. लांब टेबल, फळे, पाणी, सुटाबुटातले वृद्ध. मागे भिंतीवर आगगाडीच्या इंजिनाचे भले मोठे चित्र. ही जागा खरी आहे: न्यूयॉर्कमधील २३०, पार्क अव्हेन्यू या इमारतीतील पेन सेंट्रल रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळाची खोली. ही कंपनी १९७०मध्ये दिवाळखोरीत निघाली होती. आणि याच इमारतीत, १० सप्टेंबर १९३१ रोजी, साल्व्हातोरे मारान्झानो हा त्या वेळचा सर्वांत बलाढ्य टोळीप्रमुख स्वतःच्या कार्यालयात मारला गेला होता. मारेकरी सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून आत शिरले होते. चित्रीकरणाची जागा निवडणाऱ्यांना हे ठाऊक होते की नव्हते, खोलीला फरक पडत नाही.

बैठकीचा विषय अमली पदार्थ. व्हिटोचा त्या धंद्याला विरोध आहे आणि आपल्याला तो शहाणा, जुन्या वळणाचा माणूस वाटतो. चित्रपटाच्या साऱ्या नैतिक तराजूचा काटा या एका नकारावर उभा आहे: जुगार आणि दारू म्हणजे माणसांचे साधे दोष, अमली पदार्थ म्हणजे पाप, जुने ते मर्यादा पाळणारे, नवे ते लोभी. इतिहासात असे जुने कुणी सापडत नाहीत. लुचियानोला १९१६मध्ये, कोवळ्या वयात, पहिली शिक्षा झाली ती अमली पदार्थ विकल्याबद्दल. १९२३मध्ये तो पुन्हा त्याच कारणाने सापडला. व्हिटो जेनोव्हेझेला १९५९मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली तीही याच धंद्यापायी, आणि तो १९६९मध्ये कैदेतच वारला. घराण्यांनी या धंद्यावर 'बंदी' घातल्याच्या गोष्टी आहेत, पण ती बंदी लांब शिक्षेच्या आणि फितुरीच्या भीतीपोटी होती. पैसा मात्र येतच होता. मर्यादा पाळणारा गॉडफादर हा पुझोने निर्माण केलेला माणूस आहे.

आणि त्याच टेबलावर झालुकी नावाचा एक दुय्यम प्रमुख उठून बोलतो. त्याचे म्हणणे असे: शाळांजवळ, मुलांना हा माल विकलेला मला चालणार नाही, माझ्या शहरात तो आम्ही काळ्या लोकांपुरता ठेवू, ते तसेही जनावरेच आहेत. टेबलावर कुणी चमकत नाही. व्हिटोही नाही. दृश्य पुढे सरकते आणि आपणही सरकतो, कारण आपले लक्ष व्हिटो आणि टाटालिया यांच्या आलिंगनाकडे लागलेले असते. चित्रपट पडद्यावर होता त्या दिवसांत हार्लेममध्ये हेरॉइनने काय केले होते हे त्या वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नव्हते. १९७१च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हटले होते. साऱ्या चित्रपटात या धंद्याची किंमत कोण मोजतो हे एवढ्या एकाच ठिकाणी सांगितले गेले आहे. जुगारात बुडालेला संसार, गोदीवर हप्ता देणारा मजूर, खंडणी भरणारा दुकानदार, यांपैकी एकालाही या चित्रपटात चेहरा नाही. झालुकीच्या वाक्यातल्या माणसांनाही नाही. पण निदान त्यांचा उल्लेख आहे, आणि तोही विकणाऱ्याच्या तोंडून, हिशेबाच्या स्वरात. त्यामुळेच आम्हाला तो चित्रपटातील सर्वांत खरा ऐतिहासिक क्षण वाटतो. त्याला 'आवडते दृश्य' कसे म्हणावे, हे मात्र आम्हाला अजून सुचलेले नाही.

बाप्तिस्म्याच्या दृश्यावर इतके लिहिले गेले आहे की आम्ही थोडक्यातच आटोपतो. कादंबरीत विधी आणि हत्या अशा एकमेकांत गुंफलेल्या नाहीत. ती करामत चित्रपटाची. मायकेल सैतानाचा त्याग केल्याचे उत्तर देतो आणि एकेक प्रमुख पडतो. ऑर्गनचे सूर दोन्हींना एकत्र बांधतात. (पाण्याखाली धरलेले ते तान्हे मूल म्हणजे दिग्दर्शकाची मुलगी सोफिया, पुढे स्वतः दिग्दर्शक झालेली.) पोलिसाच्या वेषातला नेरी बारझिनीला न्यायालयाच्या पायऱ्यांवर मारतो, तेव्हा मारान्झानोचे मारेकरी आठवल्याशिवाय राहत नाहीत. मो ग्रीनच्या डोळ्यात घुसलेली गोळी १९४७मध्ये बेव्हर्ली हिल्स येथे मारल्या गेलेल्या बग्सी सीगलची आठवण करून देते.

पण एका फटक्यात सगळे प्रमुख संपवणे, ही कल्पना आली कुठून? तीही १९३१मधूनच. मारान्झानो मेला त्याच रात्री लुचियानोने देशभरातील डझनावारी जुन्या म्होरक्यांचा काटा काढला, अशी कथा वकील डिक्सी डेव्हिसने १९३९मध्ये छापून आणली, नंतर ती अनेकांनी उचलली, आणि १२८२च्या सिसिलीतील उठावावरून तिला 'सिसिलियन व्हेस्पर्स' असे नावही पडले. १९७०च्या दशकात हंबर्ट नेली आणि अॅलन ब्लॉक या अभ्यासकांनी त्या दिवसांची वृत्तपत्रे शहरोशहरी तपासली, तेव्हा या संहाराला आधार देणारे जवळजवळ काहीच हाती लागले नाही. काही तुरळक खून, बस. म्हणजे चित्रपटातले सर्वांत प्रसिद्ध हत्याकांड एका न घडलेल्या हत्याकांडासारखे आहे. तरीही ती दंतकथा टिकली, कारण ती सोयीची होती. गुन्हेगारांना आपला भूतकाळ साम्राज्यासारखा दिसे, पोलिसांना आपला शत्रू प्रचंड दिसे, आणि वृत्तपत्रांना मथळा मिळे. चित्रपटानंतर तर उलटेच झाले. गँबिनो घराण्यातील साल्व्हातोरे ग्राव्हानो याने पुढे सांगितले की हा चित्रपट पाहून तो भारावून बाहेर पडला होता, आपले जगणे असेच आहे असे त्याला वाटले होते. आरसा असा मिळाल्यावर चेहरा कोण बदलील?

बागेतील दृश्य, ज्यात व्हिटो आणि मायकेल पहिल्यांदाच निवांत बोलतात, ते पुझोने लिहिलेले नाही. कपोलाच्या विनंतीवरून रॉबर्ट टाउन याने ते लिहिले. म्हातारा एकच सावधगिरीची सूचना पुन्हा पुन्हा देतो, मध्येच नातवंडांची चौकशी करतो, वाइन जास्त प्यायला लागलोय म्हणतो, आणि मग कळते की त्याला खंत आहे: हे तुझ्यासाठी नको होते, तू सिनेटर, राज्यपाल व्हायला हवा होतास. वेळ पुरली नाही, इतकेच. त्याच्या दृष्टीने टोळी आणि सिनेट यांत जातीचा भेद नाही, पायऱ्यांचा आहे. मायकेलनेही पूर्वी के हिला हेच ऐकवलेले असते, आणि सिनेटर लोक माणसे मारवत नाहीत या तिच्या उत्तरावर तिलाच भाबडी ठरवलेले असते. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. वॉटरगेटची घरफोडी चित्रपट लागल्यानंतर तीन महिन्यांनी, १७ जून १९७२ रोजी झाली. प्रेक्षक मायकेलच्या बाजूने हसला असेल तर त्याला दोष देणे कठीण आहे.

राहिले ते दार. कार्लोला मारलेस का, असे के विचारते; मायकेल एकदाच विचारण्याची परवानगी देतो आणि नाही म्हणतो. तिचा जीव भांड्यात पडतो, ती पेये ओतायला बाजूला होते, आणि तिथून तिला दिसते: क्लेमेंझा मायकेलचा हात चुंबतो आहे, पहिल्या दृश्यात बोनासेराने व्हिटोचा चुंबला होता तसाच. कादंबरी इथे संपत नाही. ती के हिला चर्चमध्ये नेते, नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला लावते. ते दृश्य चित्रितही झाले होते. कपोलाने ते चित्रपटातून वगळले. नेरी पुढे येतो आणि दार लावून घेतो. के बाहेर राहते.